जीप येण्याच्या आत

हॅलो?… हॅलो… हां, आला आवाज. कुठी होते तुमी? मी कवाची फोन लावून राहिली… मीटिंग. बरं. झाली ना मीटिंग? मंग आता ऐका. लॅपटॉप बंद पडला.

माहा नाई हो. तुमचा. कॉलेजातला, आईच्या खोलीतला… हौ, तोच, लिनक्सवाला… मले काय माहीत काहून? दुपारी लाईन गेली. बॅटरी तं त्याची मेलेलीच हाये, बसल्या जागी बंद झाला. आता लाईन आली म्हणून चालू केला, तं काळा पडदा अन् त्यावर पांढरी अक्षरं.

मी घरी नव्हती ना. अमरावतीले क्लास होता माहा. समोरच्या बेबीताईचा फोन आला, म्हणे तुमच्या सासूबाई अंगणात चकरा मारून राहिल्या, माहा पोट्टा पायला का म्हणून मलेच विचारून राहिल्या. मंग काय करता. पोरींचं गणित फळ्यावर अर्धं टाकलं, ऑटो केला, बडनेऱ्याले गाडी धरली, उभ्याउभ्या अकोल्याले आली… क्लासवाले म्हणायचं ते म्हणतील. त्याईचं मंग पाहू.

आता? आता माह्या बाजूले बसून हायेत. मांडीवर टॉवेल घेतला, घडी घालून राहिल्या, पुन्हा उकलून राहिल्या… नाई, जेवल्या नाईत. सकाळपासून पोटात काही नाई. म्हणतात, तो जेवला नाई तं मी कशी जेवू… तो म्हणजे कोण काय? तुमी. सहावीतले तुमी. नवोदयले नंबर लागला, होस्टेलले निघाले, तवाचे.

हौ, रोजच म्हणतात. सांगतलं होतं मी तुमाले. तुमी तवा बी मीटिंगीत होते. सांज झाली का, पोट्टा कुठी हाये, हे सुरू होते. मंग तो व्हिडिओ लावला का चूप. तुमी दारात उभे, नवा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, अन् आई तुमाले ओवाळून राहिल्या. तेवढं पायलं का म्हणतात, हाये, घरीच हाये. मंग दोन घास खातात अन् झोपतात. तेवढ्यावरच तं आमचा दिवस निघून राहिला.

मोबाईलवर?… केलं ना बाप्पा ते बी. मोबाईल हातात देल्ला का त्या कानाले लावतात. टीव्हीत पेन ड्राइव्ह खोसला तं टीव्ही म्हणते ही फाईल मी चालवत नाई. तुमीच म्हणत होते, लिनक्सवर सगळं चालते, हे कधी बिघडतच नाई… बिघडलं नाई, बंद पडलं. बरं. तुमी म्हणता तसं. पण आईले दोन्हीतला फरक समजून नाई राहिला.

सांगा, काय करू.

वरती लिहून हाये, अकोला लॉगिन… तुमीच ठेवलं असन त्याचं नाव अकोला. राहायले हैद्राबादले, अन् नाव ठेवायले अकोला… काही नाई, काही नाई. पुढे एक रेघ लुकलुक करून राहिली. काय टाकू?… ए, ए, आय… म्हणजे आई. एन्टर. आता पासवर्ड मांगून राहिला… टाकते… अहो, उमटतच नाई काही. बटन दाबून राहिली तं पडद्यावर काहीच येत नाई… असंच असते? न दिसताच टाकायचं?… बरं. तुमच्या या माणसाईचं डोकं कसं चालते, देवाले माहीत.

चूक हाये म्हणते… टाकते पुन्हा. उलसाक थांबा, आई माही ओढणी ओढून राहिल्या. हौ आई, लावते. लावते ना. तोच फोनवर हाये… म्हणजे लावून देणारा फोनवर हाये.

झालं. गेलं आत. आता डॉलरचं चिन्ह हाये.

वरच्या बाणाचं बटन. ते मले माहीत हाये, रोज तेच तं करते मी. वरचा बाण अन् एन्टर, लागला पिक्चर. बाकी तुमच्या त्या काळ्या पडद्याशी माही ओळखच नाई… आज दाबलं तं दुसरंच काहीतरी येऊन राहिलं. एस, यू, डी, ओ… पुढे अपडेट. हे तं तुमी मागच्या खेपेले करायले लावलं होतं… पुन्हा दाबू?… हे बी नाई… हे बी नाई. आता वर जातच नाई, संपलं. अहो, पिक्चर लावायची तुमची ती लांब ओळ यात नाईच.

काहून नाई?… म्हणजे नीट बंद केलं तरच त्याच्या ध्यानात राहते?… अन् मी तं रोज नुसतं झाकण लावून देत होती. तुमीच सांगतलं होतं, झाकण लावलं तरी चालते… मंग आज लाईन गेली का सगळं विसरला. छान. घरात आता दोघं झाले.

टोमणा नाई मारून राहिली. हसायले आलं म्हणून हसली. रडायले इथी वेळ कोणाले हाये.

हौ, हाताने टाकते. सांगा. पण सावकाश सांगा, तुमी ऑफिसात सांगता तसं नका सांगू. सी, डी. मंग जागा. मंग व्हिडिओज… एन्टर… नो सच फाईल. असं काही नाईच म्हणते… पहिला व्ही मोठा? काहून बाप्पा, लहाना काढला तं त्याले समजत नाई का?… बरं बरं, मोठा. गेलं आता.

आता?… एम, पी, व्ही. जागा. मंग एन, ए, व्ही, ओ… अन् टॅब. टॅब कुठी असते?… डावीकडे, दोन बाणावालं… दाबलं. अरे. बाकीचं नाव त्यानं आपल्या आपण लिहिलं. दिवसभरात पहिलं शहाण्यासारखं काम केलं यानं.

थांबा, एन्टर नाई मारला अजून. ते एन्डचं काहून नाई सांगत तुमी? दोन आडव्या रेघा, एन्ड, अन् पुढे मिनिटं, ते. जीप येण्याच्या आत पिक्चर आपल्या आपण बंद पडावा म्हणून तुमी टाकलं होतं ना… मिनिटं तुमाले बी आठवत नाईत? पाहून सांगता? बरं. आधी चालते का ते पाहू, मंग टाकू. पण विसरू नका. मले भेव वाटते त्या जीपचं.

तुमाले आठवत नाई का? दिवाळीनंतरची गोष्ट हाये. तवा ती ओळ नव्हती, मीच हातानं बंद करत होती. एक दिवस दुधवाला आला, मी बाहेर गेली, अन् पिक्चर पुढे निघून गेला. बाबा जीपीत पेटी ठेवून राहिले, तुमी मागं बसले, हात हलवला, जीप गेली. आई उठल्या तशाच अनवाणी निघाल्या. स्टँडपर्यंत गेल्या होत्या. बेबीताईच्या मालकानं पायलं म्हणून बरं, ऑटोत बसवून आणलं… हौ, तवाच मी तुमाले फोन केला होता. तवा तुमी आले नाई, ती ओळ पाठवली.

जाऊ द्या. एन्टर मारू का?

मारला… लागलं. हौ, दार दिसलं. आपलंच दार, हिरवा रंग होता तवा. पंजाबराव काकाचा आवाज येऊन राहिला, कॅमेऱ्याच्या मागून, बाजूले सरका म्हणून राहिले सगळ्याईले. आई, पाहा इकडे. दार उघडून राहिलं, आता येईन तो.

अहो. मागं गेलं.

पुन्हा तेच. काका म्हणतात बाजूले सरका, दार उलसाक उघडते, अन् मागं जाते. पुन्हा बाजूले सरका. पुन्हा मागं… नाई, मी हातच नाई लावला कशाले. आपल्या आपण होऊन राहिलं. तुमी दिसतच नाई. आई विचारून राहिल्या, दार काहून लावून घेतलं त्यानं, रुसला का माह्यावर… नाई आई, नाई रुसला. येते. अहो, बंद कसं करू हे? लवकर सांगा… क्यू. दाबलं. गेलं.

डाव्या बाणाचं बटन? हौ, त्यानंच मागं जाते, माहीत हाये मले. पण दाबलंच नाई ना… अडकलं असन? थांबा, चष्मा लावते… हौ, बाकीच्यापेक्षा उलसाक खाली दिसून राहिलं. नखानं उचलू?… नाई निघत. उलटा करू? अन् पडला तं?… बरं. आई, सरका उलशा. अशा. उलटा केला. झटकून राहिली…

थांबा. काहीतरी पडलं.

तांदूळ हाये.

तांदूळ हो. लाल लाल. कुंकवाच्या अक्षता… अजून पडून राहिल्या. चादरीवर पाहा किती. सगळ्या बटनाईच्या खालून निघून राहिल्या… मी कशाले टाकू? दसऱ्याले पूजा केली होती, पण तवा मी नुसतं फूल ठेवलं होतं त्याच्यावर. आई, हे तांदूळ तुमी टाकले का?

हौ म्हणतात.

म्हणतात, लेकराले ओवाळलं. म्हणतात, रोज जाते तो, मंग ओवाळायचं नाई का… अहो, मले खरंच माहीत नव्हतं. मी व्हिडिओ लावून पोळ्या करायले जाते, तवा करत असतील. मी म्हणे, देवघरातलं तबक रोज या खोलीत कसं येते. पडद्यातल्या त्या ओवाळतात, त्याच वेळेले बाहेरच्या या बी ओवाळतात. अन् पडद्यावर तो एक लाल डाग राहे ना, मी रोज ओल्या फडक्यानं पुसत होती. ते कुंकू हाये. तुमचं कपाळ येते त्या जागी.

ऐकून राहिले ना?

कव्हर? किबोर्डचं कव्हर भेटते? प्लास्टिकचं… अश्विन. मी काय सांगून राहिली, अन् तुमी काय सांगून राहिले? तुमची माय तुमाले रोज ओवाळून राहिली, अन् तुमी म्हणता त्यावर प्लास्टिक टाक.

नाव घेतलं, हौ. तोंडातून निघून गेलं. राग आला का नाव निघते.

बरं, लावते आधी. आई पुन्हा टॉवेल उकलून राहिल्या. एम, पी, व्ही, जागा, एन, ए, व्ही, ओ, टॅब. एन्टर… दार. काका… उघडलं. आता नाई गेलं मागं. आले तुमी. आई, पाहा, आला तुमचा… पाहून राहिल्या. मुंडी हलवून राहिल्या. चेहराच बदलला पाहा त्याईचा. टॉवेल बी ठेवला खाली.

थांबा उलसाक, मी स्वयंपाकघरात येते. त्याईच्या समोर नाई बोलायचं मले.

हां. बोला आता. शुक्रवारी येऊन राहिले ना?

येऊन राहिले का नाई, एवढंच सांगा.

…रिलीज. कशाची रिलीज?… मागच्या महिन्यात बी रिलीजच होती. तुमच्या कंपनीत दुसरं काही होतच नाई का?… अहो, मी समजून घेत नाई असं म्हणता? मी काय घेतलं नाई समजून? माहं अर्धं शिकवणं सुटलं, माही माय तिकडे अमरावतीले एकटी हाये, तिच्याकडे मी राखीले सुद्धा रात्री नाई राहिली. मी तक्रार नव्हती करत. पण आता करून राहिली. थकली मी. रोज सांजचं हाच घोर राहते, का आज व्हिडिओ लागते का नाई.

एका अक्षरात?… म्हणजे नुसतं ए दाबलं का सगळं आपल्या आपण लागन, अन् जीपच्या आधी बंद बी होईन. बरं. हुशार हाये तुमी. मी कधी नाई म्हटलं का हुशार नाई म्हणून? पण मले अक्षर नको. मले ओळ बी नको, कव्हर बी नको. मले तुमी पायजे इथी, या घरात, आईच्या समोर.

तुमाले एक विचारू? खरं सांगसान?… दिवाळीले आले होते तुमी. बॅग ठेवली, आईच्या पाया पडले. आईनं तुमाले पाणी देल्लं अन् विचारलं, कोणत्या गावचे पाहुणे म्हणून. तुमी पाणी पेले, उठले, अन् दोन दिवस या लॅपटॉपात मुंडी घालून बसले. हे सगळं बसवून देल्लं अन् गेले. तवापासून रिलीज सुरू हाये तुमची… मले समजत नाई का? बायको हाये मी तुमची.

…हौ. माहीत हाये. दुखलं असन. मले नाई दुखत का? मले तं त्या रोज बाई म्हणतात. कधी शाळेतली बाई, कधी भाड्यानं राहणारी बाई. सून हाये हे मीच विसरून राहिली आता. पण मी रोज दिसते म्हणून माह्या हातचं खातात तरी. तुमी बी रोज दिसले तं… डॉक्टर नाई म्हणत असं, मी म्हणते. रोज दिसले तं काहीतरी होईन. निदान आवाजाची सवय होईन. तुमी तुमच्या जागी त्या पोट्ट्याले ठेवून गेले, अश्विन. तो बिचारा रोज दारात उभा राहते अन् तुमचं काम करते…

थांबा.

थांबा, तो आवाज कशाचा? गाडी चालू झाल्यासारखा… बाहेरून नाई, खोलीतून येऊन राहिला. जीप. अहो, जीप हाये. ती ओळ टाकलीच नाई आपण, या बोलण्यात राहूनच गेली… आई?

खोलीत नाईत. पडद्यावर नुसता रस्ता हाये.

फोन ठेवू नका. पळून राहिली मी… आई. आई, थांबा तिथीच… हायेत. फाटकापाशी हायेत. कडी वर हाये, त्या खाली शोधून राहिल्या. धरला हात… हौ, बरी हाये. बऱ्या हायेत. पाय अनवाणी हायेत, बाकी काही नाई. थांबा, दम खाऊ द्या मले.

आई, चला आत… नाई येत. म्हणतात, आत्ताच गेली जीप, धूळ बी बसली नाई अजून. रस्ता सिमेंटचा होऊन किती वर्षं झाले, कुठली धूळ… ओढू कशी? ओढलं तं रडतात. फाटक घट्ट धरून ठेवलं त्याईनं. समोर बेबीताई गॅलरीतून पाहून राहिल्या.

तुमी बोलता?… बोलून काय होईन?… बरं. बोला. स्पीकर लावते. आई, हे ऐका. अश्विन बोलून राहिले. तुमचा अश्विन. बोला हो, मोठ्यानं बोला.

…ऐकलं त्याईनं. म्हणतात, तो कसा बोलन, तो तं जीपीत हाये. पुन्हा म्हणा. आई मी हाये, म्हणा… हां. पाहून राहिल्या मोबाईलकडे. मले विचारतात, मोठा माणूस हाये ना हा? आवाज मोठ्या माणसाचा हाये.

अहो, त्याईनं पदर घेतला डोक्यावर.

म्हणतात, शाळेतले सर असतील.

नाई, हातात नाई घेत मोबाईल. मागं सरकल्या. म्हणतात, सराईसंगं तं याचे बाबा बोलत होते, मी बाईमाणूस काय बोलू, बाई तूच सांग… कशी सांगू हो त्याईले का सर नाईत म्हणून? तुमी सांगून पाहा… पाहा, तुमी सांगतलं तरी मुंडी खाली घालून नुसतं हौ सर, हौ सर करून राहिल्या.

काय आई? काय सांगू सराले?… बरं, सांगते. ऐका, त्या मले सांगून राहिल्या अन् मी तुमाले सांगते. म्हणतात, पोट्टा नवा हाये, पहिल्यांदाच घर सोडून चालला. रातचा भेते, त्याच्या खोलीतला लाईट बंद करू नका… वांग्याची भाजी खात नाई, त्यासाठी मारू नका… अन् रडला तं रडू द्या, चूप कर म्हटलं का जास्त रडते, आपल्या आपण थांबते तो.

अन् दिवाळीले पाठवा म्हणतात. सुट्टी लागली का लगेच पाठवा. मागं ठेवू नका.

…अहो. बोला ना. वाट पाहून राहिल्या त्या. सर काय म्हणतात म्हणून माह्या तोंडाकडे पाहून राहिल्या… रडू नका आता. स्पीकर चालू हाये, सगळं ऐकू येऊन राहिलं… मले माहीत हाये तुमी सर नाई. मले माहीत नाई तं कोणाले माहीत राहीन? पण या अशाच फाटकापाशी उभ्या राहतील. बोला. सर म्हणून बोला. एकदाच बोला.

…आई, ऐकलं? सर म्हणतात पाठवतो… हौ, दिवाळीले… हौ, लाईट चालू ठेवतो म्हणतात… नाई मारणार. म्हटलं ना त्याईनं, नाई मारणार… आता चला आत. चला.

चालल्या. आपल्या आपण चालल्या आत. फाटक सोडलं. चप्पल घातली नाई, पण चालल्या… माह्याकडे पाहून हसल्या बी. म्हणतात, सर चांगले हायेत, आवाजच मायाळू हाये.

स्पीकर बंद केला. बोला आता… बोला. रडून घ्या आधी, मी थांबते.

काय?… आज रातच्याच गाडीनं? अन् रिलीज?… बरं. राहू द्या ती रिलीज. या… नाई कशी म्हणू मी? मी तं कवाची हेच मांगून राहिली होती. मले आनंद व्हायले पायजे होता, पण होऊन नाई राहिला. तुमाले खोटं काहून सांगू.

अहो, तुमी सकाळी ऑटोतून उतरसान. त्या फाटकापाशीच असतील, आता रोजच असतील, तुमी पाठवतो म्हटलं ना. तुमाले पाहून पदर घेतील. मंग तुमच्या मागं पाहतील, ऑटोत पाहतील, का सराईनं संगं कोणाले आणलं म्हणून. तवा मी कोणाले दाखवू त्याईले?

 

तरी या. घरात तं या. मले तरी ओळखू येसान तुमी.

बरं, ठेवते आता. आई ताटावर बसल्या, भूक लागली म्हणतात… हौ, आपल्या तोंडानं म्हटलं… व्हिडिओ लावा बी नाई म्हणून राहिल्या. म्हणतात, बाई, आज पोळ्या कमी टाक. पोट्टा नाई घरी.